कायद्याच्या मार्गाने आलेली हुकूमशाही : जर्मनीतील सत्तांतर आणि ज्यू अल्पसंख्याकांचा छळ

३० जानेवारी १९३३ रोजी अॅडॉल्फ हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. त्या दिवशी बर्लिनमध्ये सैन्याने बंड केले नव्हते, संसद उधळली गेली नव्हती, की घटना रद्द झाल्याची घोषणाही झाली नव्हती. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी घटनेने त्यांना दिलेला अधिकार वापरून ही नेमणूक केली, आणि नव्या चॅन्सेलरने घटनेशी इमान राखण्याची शपथ घेतली. पुढे बारा वर्षांनी हे राज्य लयास गेले तेव्हा वायमार घटना कागदोपत्री अद्याप अस्तित्वात होती. ती कोणी औपचारिकरीत्या रद्द केलीच नव्हती. दरम्यान युरोपातील सुमारे साठ लक्ष ज्यूंची हत्या झालेली होती.

या घटनाक्रमाची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिल्यानुसार जनतेने हिटलरला निवडून दिले. दुसऱ्यानुसार त्याने सत्ता बळाने हिसकावून घेतली. दोहोंत सत्याचा अंश आहे. परंतु दोन्ही अपुरी आहेत. पहिले स्पष्टीकरण आकड्यांच्या कसोटीस उतरत नाही आणि दुसरे शासनयंत्रणेच्या सहकार्याचा उलगडा करीत नाही. सत्ता मिळविण्याची पद्धत आणि सत्ता मिळाल्यानंतर अल्पसंख्याकांचा छळ करण्याची पद्धत या दोहोंत कायद्याच्या बाह्य रूपाचा उपयोग कसा करून घेण्यात आला, हे पाहिल्यास या दोन प्रक्रिया वस्तुतः एकाच प्रक्रियेची दोन अंगे होत्या, असे दिसून येते.

घटनेतील तीन कलमे

१९१९ च्या वायमार घटनेने नागरिकांना विस्तृत मूलभूत हक्क दिले होते. त्याचबरोबर थेट लोकमताने निवडलेल्या अध्यक्षाच्या हाती तीन अधिकारही दिले होते. कलम ४८ अन्वये सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आल्यास त्याला आवश्यक ते उपाय योजता येत आणि विवक्षित सात मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करता येत. कलम २५ अन्वये त्याला संसद, म्हणजे राइशस्टाग, विसर्जित करता येई. कलम ५३ अन्वये चॅन्सेलरची नेमणूक व त्याला पदमुक्त करणे हे त्याच्या अधिकारात होते.

यांपैकी प्रत्येक अधिकारावर घटनाकारांनी अंकुश ठेवला होता. कलम ४८ खालील उपाय राइशस्टागने मागणी केल्यास मागे घ्यावे लागत; चॅन्सेलरला राइशस्टागचा विश्वास आवश्यक असे. परंतु हे अंकुश तीन अधिकारांचा स्वतंत्रपणे विचार करून ठेवलेले होते. तिन्ही अधिकार एकत्र वापरले गेल्यास काय होईल, याचा विचार मागे पडला. जुलै १९३० मध्ये त्याचा प्रत्यय आला. चॅन्सेलर ब्र्यूनिंग यांची आर्थिक विधेयके संसदेने फेटाळली. ती कलम ४८ खाली वटहुकूम म्हणून काढण्यात आली. संसदेने वटहुकूम रद्द करण्याची मागणी केली, तेव्हा कलम २५ खाली संसदच विसर्जित करण्यात आली आणि तेच उपाय पुन्हा वटहुकुमाने अमलात आले. अंकुश ठेवणाऱ्या संस्थेचे अस्तित्वच अंकुशित सत्तेच्या मर्जीवर अवलंबून राहिले.

येथून संसदीय शासनाची जागा अध्यक्षीय शासनाने घेतली. १९३२ या संपूर्ण वर्षात राइशस्टागने अवघे पाच कायदे संमत केले. अध्यक्षीय वटहुकुमांची संख्या मात्र साठाच्या घरात गेली. २० जुलै १९३२ रोजी चॅन्सेलर पापेन यांनी याच कलम ४८ चा आधार घेऊन प्रशिया या सर्वांत मोठ्या घटकराज्याचे सोशल डेमोक्रॅटिक नेतृत्वाखालील शासन दूर केले आणि तेथील पोलीस यंत्रणा केंद्राच्या ताब्यात घेतली. हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी सहा महिने घडलेली ही घटना आहे. जी साधने त्याने पुढे वापरली ती त्याला शोधावी लागली नाहीत. ती तयार होती, आणि त्यांच्या वापराची सवयही शासनाला जडलेली होती.

मतांचे गणित आणि नेमणूक

१९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षास २.६ टक्के मते मिळाली होती. जागतिक मंदीनंतर, सप्टेंबर १९३० मध्ये, हे प्रमाण १८.३ टक्क्यांवर गेले. १९३२ च्या प्रारंभी नोंदलेल्या बेकारांची संख्या साठ लक्षांच्या आसपास पोहोचली, आणि त्या वर्षीच्या जुलैत पक्षास ३७ टक्क्यांहून किंचित अधिक मते मिळून तो संसदेतील सर्वांत मोठा पक्ष झाला. मुक्त निवडणुकीत त्याने गाठलेला हा उच्चांक होय. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्याची मते ३३.१ टक्क्यांवर उतरली. म्हणजे पक्षाचा प्रभाव ओसरू लागला असतानाच, वाढत असताना नव्हे, हिटलरची नेमणूक झाली.

ही नेमणूक मतदारांनी केली नाही. ती अध्यक्षांच्या निकटवर्ती वर्तुळाने घडवून आणली. पापेन आणि राष्ट्रीय पक्षाचे नेते हूगेनबेर्ग यांना नाझी पक्षाची लोकप्रियता हवी होती, त्याचे धोरण ठरविणे मात्र स्वतःकडे ठेवावयाचे होते. पहिल्या मंत्रिमंडळात हिटलरखेरीज फ्रिक व गोरिंग हे दोघेच नाझी होते. इतर मंत्री जुन्या पुराणमतवादी वर्गातील होते. बहुसंख्येने वेढलेला हिटलर निष्प्रभ ठरेल, ही त्यांची गणना होती. या गणनेत एक चूक होती. फ्रिक यांच्याकडे गृहखाते होते आणि गोरिंग यांच्याकडे प्रशियातील गृहखाते, म्हणजे जर्मनीतील सर्वांत मोठे पोलीस दल, आले होते. मंत्र्यांची संख्या मोजण्यात आली. खात्यांचे वजन मोजले गेले नाही.

वटहुकूम व अधिकारप्रदान कायदा

२७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री राइशस्टागची इमारत जळाली. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी कलम ४८ खाली वटहुकूम काढून व्यक्तिस्वातंत्र्य, घराची अभेद्यता, टपालाची गुप्तता, मतप्रकटन, सभा, संघटना आणि मालमत्ता यांविषयीचे सात हक्क ‘अन्य आदेश होईपर्यंत’ स्थगित केले. हा अन्य आदेश १९४५ पर्यंत निघाला नाही. या वटहुकुमाचे महत्त्व अधिकारप्रदान कायद्याहूनही अधिक मानले पाहिजे. कारण न्यायालयासमोर न नेता माणसास अनिश्चित काळ अटकेत ठेवण्याचा आधार पोलिसांना त्यानेच मिळाला. म्यूनिकजवळील डाखाऊ येथील छळछावणी मार्च १९३३ मध्ये सुरू झाली ती याच आधारावर.

५ मार्चच्या निवडणुकीत, विरोधकांची वृत्तपत्रे बंद व कार्यकर्ते तुरुंगात असतानाही, नाझी पक्षास ४३.९ टक्केच मते मिळाली. राष्ट्रीय पक्षाच्या साहाय्याने साधे बहुमत झाले. परंतु घटनाबदलासाठी दोन-तृतीयांश उपस्थिती आणि उपस्थितांपैकी दोन-तृतीयांश मते आवश्यक होती. या अडचणीवर तीन उपाय योजण्यात आले. कम्युनिस्टांच्या ८१ सभासदांना सभागृहात येऊच दिले नाही. विनापरवानगी गैरहजर राहणारा सभासद हजर समजण्यात येईल, अशी दुरुस्ती कामकाजाच्या नियमांत करण्यात आली. आणि कॅथलिकांच्या केंद्र पक्षास आश्वासने देऊन त्याची मते मिळविण्यात आली. २३ मार्च रोजी गणवेशधारी दलांच्या वेढ्यात मतदान झाले. अनुकूल मते ४४४ व प्रतिकूल ९४ पडली. विरोधी मते देणारे सर्व ९४ सभासद सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. त्यांच्या वतीने ओटो वेल्स यांनी केलेले भाषण हे त्या संसदेतील विरोधाचे अखेरचे भाषण ठरले. केंद्र पक्ष व त्याचा बव्हेरियातील सहकारी पक्ष विरोधात गेले असते, तर त्या सभागृहात दोन-तृतीयांश बहुमत झाले नसते.

या कायद्याने मंत्रिमंडळास संसदेवाचून, व घटनेशी विसंगत असेही, कायदे करण्याचा अधिकार मिळाला. त्यात तीन मर्यादा होत्या : राइशस्टाग व घटकराज्यांचे सभागृह या संस्थांना बाध येऊ नये, अध्यक्षांचे अधिकार अबाधित राहावेत आणि कायद्याची मुदत चार वर्षांची असावी. फेब्रुवारी १९३४ मध्ये घटकराज्यांचे सभागृह रद्द करण्यात आले. ऑगस्ट १९३४ मध्ये हिंडेनबुर्ग यांच्या मृत्यूसमयी अध्यक्षपद चॅन्सेलरपदात विलीन करण्यात आले. मुदत पुनःपुन्हा वाढविण्यात आली. तात्पर्य, तिन्ही मर्यादा मोडल्या गेल्या. ज्या कायद्याच्या आधारे ही राजवट स्वतःस वैध म्हणवीत होती त्याच कायद्याच्या कसोटीवर तिची वैधता टिकत नाही. परंतु हे विचारणारे न्यायपीठ, पक्ष वा वृत्तपत्र तोवर उरले नव्हते. मे १९३३ मध्ये कामगार संघ मोडण्यात आले होते. १४ जुलै १९३३ च्या कायद्याने नाझी पक्षाखेरीज सर्व पक्ष बेकायदेशीर ठरले होते.

छळाचा क्रम

१९३३ मध्ये जर्मनीतील ज्यूंची संख्या सुमारे पाच लक्ष, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी होती. पहिल्या महायुद्धात त्यांच्यापैकी सुमारे एक लक्ष पुरुष जर्मन सैन्यात होते व सुमारे बारा हजार मृत्यू पावले होते. भाषा, शिक्षण व राहणी या बाबतीत हा समाज जर्मन जीवनात मिसळून गेला होता. अशा समाजास वेगळे काढावयाचे तर प्रथम त्याची व्याख्या करणे भाग होते. रौल हिलबर्ग या इतिहासकाराने १९६१ च्या आपल्या ग्रंथात या प्रक्रियेचे टप्पे व्याख्या, संपत्तिहरण, एकत्रीकरण आणि संहार असे दाखविले. व्याख्या करणारा कारकून आणि संहार करणारा शिपाई यांची भेट कधी झाली नाही. परंतु पहिल्याच्या कामावाचून दुसऱ्याचे काम अशक्य होते.

७ एप्रिल १९३३ च्या सनदी सेवाविषयक कायद्याने ‘अनार्य’ वंशाच्या अधिकाऱ्यांस सेवानिवृत्त करण्याचे ठरविले. चार दिवसांनी निघालेल्या नियमाने, एक आजा वा आजी ज्यू असल्यास ती व्यक्ती अनार्य, अशी व्याख्या केली. हिंडेनबुर्ग यांच्या आग्रहावरून माजी रणसैनिकांना या कायद्यातून वगळण्यात आले. हा अपवाद त्या वेळी अनेकांना दिलासादायक वाटला. त्याचा परिणाम मात्र दुहेरी झाला. ज्यांना तो लागू झाला त्यांची उपजीविका दोन-अडीच वर्षे टिकली; परंतु अपवाद मागताना नियम मान्य झाला. अन्याय कोणावर करू नये हा प्रश्न मागे पडून तो कोणाकोणावर करू नये, एवढाच प्रश्न उरला.

सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्ग येथील पक्षाच्या मेळाव्यातच राइशस्टागचे अधिवेशन भरवून दोन कायदे संमत करण्यात आले. एकाने ‘राज्याचा अंकित’ आणि ‘राष्ट्राचा नागरिक’ असा भेद करून राजकीय हक्क केवळ दुसऱ्या वर्गास दिले. दुसऱ्याने ज्यू व जर्मन यांच्यातील विवाह व विवाहबाह्य संबंध गुन्हा ठरविले. ज्यू म्हणजे कोण, हे कायद्यात सांगितलेच नव्हते. ती व्याख्या १४ नोव्हेंबरच्या नियमाने केली : चारपैकी तीन आजे-आज्या ज्यू असतील तो ज्यू, दोन असतील तर काही अटींवर ज्यू. परंतु आजा ज्यू होता हे कसे ठरवावयाचे? तो ज्यू धर्मसंस्थेचा सभासद होता की नाही, यावरून. म्हणजे ज्या सिद्धान्ताने वंश हा रक्तात असतो असे सांगितले, त्याच सिद्धान्ताला वंशाचा पुरावा धर्माच्या नोंदवहीत शोधावा लागला. ही विसंगती त्या काळच्या विधिज्ञांना कळत नव्हती असे नाही. तिच्यावर भाष्यग्रंथ लिहून त्यांनी ती व्यवहार्य केली. हे दाखले शोधण्याचे काम पाद्री, नोंदणी-कारकून आणि अभिलेखपाल यांच्याकडे आले. याच कायद्यांचा अंमल पुढे रोमा व सिंती या भटक्या गणल्या गेलेल्या समाजावरही बसविण्यात आला.

यानंतरचा टप्पा संपत्तीचा. त्यासाठी वापरलेल्या साधनांपैकी एक विशेष उद्बोधक आहे. ब्र्यूनिंग यांच्या शासनाने डिसेंबर १९३१ मध्ये भांडवल परदेशी जाऊ नये म्हणून देशत्याग करणाऱ्या धनिकांवर मालमत्तेच्या चतुर्थांशाइतका कर बसविला होता. त्यात ज्यूंचा उल्लेख नव्हता. नाझी राजवटीने त्या कायद्याचे नावही बदलले नाही. करास पात्र ठरणाऱ्या मालमत्तेची किमान मर्यादा तेवढी खाली आणली. प्रथम माणसाला देश सोडण्यास भाग पाडावयाचे आणि मग देश सोडल्याबद्दल कर घ्यावयाचा, असा हा व्यवहार होता. एप्रिल १९३८ मध्ये पाच हजार मार्कांहून अधिक मालमत्तेची नोंदणी ज्यूंना सक्तीची झाली. त्याच वर्षी ज्यू डॉक्टर व वकील यांच्या सनदा रद्द झाल्या, पारपत्रांवर विशिष्ट अक्षराचा शिक्का बसला, आणि नावावरून वंश ओळखू न आल्यास पुरुषांनी ‘इस्राएल’ व स्त्रियांनी ‘सारा’ हे नाव जोडण्याचा हुकूम निघाला.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर सभास्थाने जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुष छावण्यांत डांबले गेले. हा उघड हिंसाचार होता. परंतु त्याचा शेवटही कायद्यानेच झाला. १२ नोव्हेंबरच्या आदेशांनी ज्यूंवरच शंभर कोटी मार्कांचा दंड बसविला, त्यांच्या विम्याची रक्कम शासनाकडे वळविली आणि मोडतोडीची दुरुस्ती त्यांनी स्वखर्चाने करावी असे ठरविले. मे १९३९ च्या जनगणनेत प्रत्येक कुटुंबाकडून चारही आजे-आज्यांच्या वंशाची माहिती वेगळ्या पत्रकावर घेण्यात आली.

ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मनीतून ज्यूंची पूर्वेकडे पाठवणी सुरू झाली व देशत्यागास बंदी झाली. २५ नोव्हेंबरच्या नियमाने परदेशी वास्तव्य असलेल्या ज्यूचे राष्ट्रीयत्व नष्ट होऊन त्याची मालमत्ता शासनजमा होते, असे ठरले. पूर्वेकडील व्याप्त प्रदेशात ज्यांना बळाने नेण्यात आले त्यांनाही सीमा ओलांडताच हा नियम लागू झाला. हा नियम म्हणजे १९३५ च्या नागरिकत्व कायद्याखालील अकरावा नियम होता. मृत्यूकडे जाणाऱ्या गाडीतील माणसाच्या घरातील खुर्च्या-टेबलांची यादी महसूल खात्याचा अधिकारी याच नियमाच्या आधारे करीत होता.

विद्यापीठांची भूमिका

या इतिहासात विद्यापीठांचे स्थान गौण नाही. १९३३ च्या कायद्याचा आघात ज्या सेवांवर झाला त्यांत विद्यापीठीय अध्यापकही होते. ग्योटिंगेन येथून माक्स बोर्न, रिखार्ड कूरांट, एमी न्योटर यांना दूर करण्यात आले. बोर्न यांनी पुढे १९३५-३६ चा हिवाळा सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत घालविला. नोबेल पारितोषिक मिळविलेले भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्रांक हे रणसैनिक असल्याने त्यांना अपवादाचा लाभ मिळू शकत होता. तो नाकारून त्यांनी जाहीरपणे राजीनामा दिला. त्यांच्या विद्यापीठातील बेचाळीस अध्यापकांनी पत्रक काढून निषेध केला तो कायद्याचा नव्हे, फ्रांक यांच्या राजीनाम्याचा. १० मे १९३३ रोजी विद्यापीठनगरांतून ग्रंथांच्या होळ्या झाल्या, त्यांत पुढाकार विद्यार्थिसंघटनांचा होता. रिकाम्या झालेल्या जागांवर कोणाची तरी नेमणूक होत होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अन्यायाचा लाभ ज्यांना मिळतो त्यांच्याकडून त्याविषयी प्रश्न क्वचितच येतो.

निष्कर्ष

एर्न्स्ट फ्रेंकेल हे ज्यू वकील रणसैनिकांच्या अपवादामुळे १९३८ पर्यंत बर्लिनमध्ये वकिली करू शकले. त्या अनुभवावर आधारलेल्या व १९४१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी या राजवटीस ‘दुहेरी राज्य’ म्हटले. करार, वारसा, व्यापार यांसारख्या व्यवहारांत नियमांनी चालणारे एक राज्य होते. आणि ज्यास राजकीय ठरविले त्या प्रत्येक बाबतीत कोणताही नियम न मानणारे दुसरे राज्य होते. या दोहोंमधील सीमा कोठे आहे हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याकडे होता. बहुसंख्य नागरिकांचे दैनंदिन जीवन पहिल्या राज्यात गेले. म्हणून दुसऱ्याची जाणीव त्यांना सौम्य राहिली. ज्यूंना टप्प्याटप्प्याने पहिल्यातून दुसऱ्यात ढकलण्यात आले. जुलै १९४३ मध्ये ज्यूंचे गुन्हे न्यायालयांच्या कक्षेतून काढून पोलिसांकडे देण्यात आले, तेव्हा हे स्थलांतर कागदोपत्रीही पूर्ण झाले.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अल्पसंख्याकांच्या छळापूर्वी सर्वांचे हक्क स्थगित झाले होते. फेब्रुवारी १९३३ चा वटहुकूम ज्यूंविरुद्ध नव्हता. परंतु त्यावाचून पुढील एकही पायरी सुरक्षितपणे चढता आली नसती. दुसरी, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून थोडीच उंच होती आणि प्रत्येक वेळी तिला नियम, मुदत वा अपवाद यांचे आश्वासक रूप होते. तिसरी, कायद्याचे रूप आणि कायद्याचे राज्य या भिन्न वस्तू आहेत. योग्य अधिकाऱ्याने योग्य रीतीने प्रसिद्ध केलेला आदेश एवढाच कायद्याचा अर्थ मानला, तर न्यूरेंबर्गचे नियमही कायदेच ठरतात.

१९४९ च्या पश्चिम जर्मन घटनाकारांनी यांतून धडा घेतला. अध्यक्षाचे आणीबाणीचे अधिकार काढून घेण्यात आले. पर्यायी चॅन्सेलर निवडल्याखेरीज विद्यमान चॅन्सेलरवर अविश्वास दाखविता येणार नाही, असे ठरले. आणि मानवी प्रतिष्ठा व लोकशाही संघराज्य ही तत्त्वे घटनादुरुस्तीच्याही कक्षेबाहेर ठेवली गेली. त्याच वर्षी भारताच्या घटनासमितीत आणीबाणीविषयक तरतुदींवर चर्चा होत असताना ह. वि. कामत यांनी वायमार घटनेचे उदाहरण देऊन सावधगिरीचा इशारा दिला होता. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीनंतर, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांविषयीच्या हक्काची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येऊ नये, अशी तरतूद झाली.

तथापि कलमांवर सर्व भार टाकता येणार नाही. वायमार घटनेतही अंकुश होते. ते मोडताना घटनेचे रक्षक म्हणून नेमलेल्या अध्यक्ष, मंत्री, संसदसदस्य, न्यायाधीश आणि प्राध्यापक यांच्यापैकी कोणी ना कोणी प्रत्येक वेळी संमती दिली, आणि ही संमती देताना अनेकांची अशी प्रामाणिक समजूत होती की यापेक्षा वाईट काही आपण टाळीत आहोत. ४४४ विरुद्ध ९४ ही मतसंख्या संसदेच्या अहवालात नोंदलेली आहे. त्या ९४ सभासदांच्या मतांनी निकाल बदलला नाही. परंतु तो निकाल सर्वसंमत होता, असे म्हणण्याची सोय मात्र त्यांनी कायमची नाहीशी केली.